विजेच्या गाडीची बॅटरी आणि मापाचा प्रश्न

वसंतातील व्याख्यानांना साहित्य, संगीत, इतिहास असे विषय शोभतात. विजेवर चालणाऱ्या मोटारीची बॅटरी दर वर्षी तपासून घेताना तिच्या मालकाला काय अनुभव येतो, हा विषय त्या मानाने रुक्ष वाटेल. परंतु आमची तीस वर्षे कामगार चळवळीत गेली आणि त्या काळात एक गोष्ट आम्हाला पुनःपुन्हा दिसली. गरीब माणसाचे नुकसान पुष्कळ वेळा दरात होत नाही, मापात होते. दराचे भांडण उघड्यावर चालते. त्यासाठी मोर्चे निघतात, करार होतात, वर्तमानपत्रांत बातम्या येतात. मापाचे काम मात्र कोपऱ्यात गुपचूप चालू असते. मागावर किती वार कापड निघाले, तोडलेला ऊस काट्यावर किती टन भरला, हे ज्या साधनाने ठरते ते साधन ज्याच्या ताब्यात, त्याच्या ताब्यात मजुरी. ऊसकरी शेतकऱ्याला आणि तोडणी कामगाराला ‘काटा मारणे’ या शब्दांचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. बॅटरीचा प्रश्न हा याच जातीचा आहे.

आमचे शालेय शिक्षण बेताचेच झाले. यंत्राविषयी जे काही कळले ते यंत्रावर काम करणाऱ्यांकडून आणि सार्वजनिक ग्रंथालयातील पुस्तकांतून. त्यामुळे येथे जे सांगणार आहोत ते साध्या भाषेतच सांगू, आणि होता होईल तो वाचकाला स्वतः पडताळून पाहता येईल असे सांगू.

बॅटरी म्हातारी कशी होते

पेट्रोलच्या गाडीची चाळीस लिटरची टाकी दहा वर्षांनंतरही चाळीस लिटरचीच राहते. इंजिन थकेल, पण टाकी आकसणार नाही. विजेच्या गाडीत याच्या नेमके उलट घडते. तिची मोटर पुष्कळ वर्षे कुरकूर न करता चालते, पण तिची टाकी, म्हणजे बॅटरी, आतून लहान लहान होत जाते. बाहेरून पाहणाराला काही दिसत नाही. वजन तेच, आकार तोच, आणि ‘शंभर टक्के भरली’ असा आकडाही तोच. फक्त त्या शंभर टक्क्यांत पूर्वीइतकी वीज मावत नाही.

असे का होते? आजच्या मोटारींतील बॅटऱ्या बहुधा लिथियम-आयन जातीच्या असतात. तिच्यात दोन ध्रुव असतात. बॅटरी भरताना लिथियमचे विद्युत्भारित कण एका ध्रुवाकडून दुसऱ्याकडे जातात आणि गाडी चालताना ते परत येतात. ही ये-जा हजारो वेळा व्हावी अशी अपेक्षा असते. परंतु प्रत्येक खेपेला थोडेसे लिथियम वाटेतच अडकते. ग्रॅफाइटच्या ध्रुवावर एक पातळ साय धरते. त्या सायीत अडकलेले लिथियम पुन्हा कामावर येत नाही. साय जितकी जाड, तितकी बॅटरीची धारणशक्ती कमी आणि तिचा अंतर्गत विरोध जास्त.

या झिजेला दोन घड्याळे लागलेली असतात. एक भिंतीवरचे आणि एक गाडीतले. गाडी नुसती उभी राहिली तरी पहिले घड्याळ चालूच असते; गाडी वापरली की दुसरेही चालू लागते. उष्णतेने दोन्ही घड्याळे जलद पळतात. बॅटरी काठोकाठ भरून उन्हात दिवसेंदिवस उभी ठेवली तर पहिले घड्याळ फार जोरात धावते. कडाक्याच्या थंडीत घाईने वीज भरली तर लिथियमचा धातुरूप थर ध्रुवावर बसतो, तोही घातकच. आपल्या देशात थंडीची फिकीर थोड्यांनाच. उन्हाची मात्र सर्वांना. चंद्रपूर-नागपूरकडच्या मे महिन्यात बॅटरीचे काय होत असेल याची कल्पना कोणालाही करता येईल.

बॅटरीत किती वीज मावते हे किलोवॉट-तासांत सांगतात. आपल्या घरच्या बिलावरचे ‘युनिट’ म्हणजे तोच किलोवॉट-तास. नवी असताना ३० युनिटे मावणाऱ्या बॅटरीत आज २७ मावत असतील, तर तिचे आरोग्य ९० टक्के, असे म्हणण्याचा प्रघात आहे. वार्षिक तपासणीतून मालकाला खरे तर एवढेच हवे असते.

तपासणी म्हणजे कोणाची साक्ष?

टाकीत काठी बुडवून तेल मोजता येते. बॅटरीत काठी बुडवता येत नाही. तिची खरी धारणशक्ती जाणण्याचा सर्वांत विश्वासाचा मार्ग म्हणजे ती पूर्ण भरायची, मग मोजत मोजत पूर्ण रिकामी करायची, आणि किती वीज निघाली ते लिहून ठेवायचे. याला बराच वेळ लागतो, जागा लागते, मोजणारे चांगले यंत्र लागते. रांगेत दहा गाड्या उभ्या असताना सेवाकेंद्रात हे सहसा कोणी करीत नाही.

तेथे जे होते ते असे. गाडीच्या आत एक नियंत्रक असतो. तो बॅटरीत शिरणारा आणि बाहेर पडणारा प्रवाह मोजून त्याची बेरीज-वजाबाकी करीत राहतो. गाडी विसावली की व्होल्टेज पाहतो. अंतर्गत विरोधाचा अंदाज घेतो. आणि या सगळ्यावरून बॅटरीच्या प्रकृतीविषयी आपले एक मत बनवतो. सेवाकेंद्रातील यंत्र गाडीला जोडले की ते हे मत वाचून दाखवते. म्हणजे डॉक्टरने रोग्यालाच विचारावे, ‘प्रकृती कशी आहे?’, आणि रोग्याने दिलेले उत्तर दाखल्यावर लिहून सही करावी, त्यातला हा प्रकार.

रोगी खोटे बोलतो असे आम्हाला म्हणायचे नाही. बहुतेक वेळा तो खऱ्याच्या जवळपास बोलतो. पण चुकण्याच्या जागा आहेत. प्रवाह मोजण्यातील बारीक चूक दिवसेंदिवस साठत जाते. लिथियम-लोह-फॉस्फेट जातीच्या बॅटऱ्यांचे व्होल्टेज तर भरण्याच्या मधल्या टप्प्यात जवळजवळ सपाट राहते. त्यावरून किती भरली हे ओळखणे कठीण. म्हणूनच अशा गाड्यांच्या मालकांना अधूनमधून ती पूर्ण शंभर टक्के भरण्याचा सल्ला देतात. त्यामुळे नियंत्रकाला आपला हिशेब पुन्हा जुळवून घेता येतो. तात्पर्य, वार्षिक तपासणीतला आकडा हे साक्षात माप नसते. तो एका यंत्राने केलेला अंदाज असतो, आणि ते यंत्र गाडी विकणाऱ्याने बनवलेले असते.

फीनिक्सचा उन्हाळा

आता हे प्रत्यक्षात कसे घडले ते पाहू. निसान कंपनीची ‘लीफ’ ही मोटार २०१० च्या डिसेंबरात जपान आणि अमेरिकेत विक्रीस आली. सामान्य माणसासाठी मोठ्या प्रमाणावर बनवलेल्या पहिल्या विजेच्या मोटारींपैकी ही एक. आपल्या रस्त्यांवर ती जवळजवळ दिसत नाही, पण बॅटरीच्या आरोग्याविषयी मालकांचा इतका दीर्घ आणि इतका बोलका अनुभव दुसऱ्या कोणत्याच गाडीचा क्वचित असेल.

तिची बॅटरी २४ युनिटांची, १९२ घटांची. ती थंड ठेवण्यासाठी पाण्याचे किंवा पंख्याचे वेगळे साधन नव्हते. आसपासची हवा लागेल तेवढीच. अमेरिकन सरकारी मोजणीप्रमाणे नवी गाडी एका भरणीत सुमारे ११७ किलोमीटर जाई. चालकासमोरच्या फळीवर बॅटरीच्या धारणशक्तीच्या बारा लहान रेघा होत्या. बॅटरी जीर्ण होत जाईल तशी एकेक रेघ मावळायची. यात एक मेख होती. पहिली रेघ सुमारे १५ टक्के घट झाल्यावर जाई, आणि पुढची प्रत्येक सुमारे सव्वासहा टक्क्यांना. बारापैकी अकरा रेघा दिसल्या तर भोळा माणूस समजे की आठ टक्के गेले. खरे तर पंधरा गेलेले असत.

२०१२ च्या उन्हाळ्यात ॲरिझोना राज्यातील फीनिक्स शहरात, जेथे पारा ४५ अंशांच्या वर जातो, मालकांच्या गाड्यांवरून रेघा मावळू लागल्या. गाड्या दीड वर्षाच्यासुद्धा नव्हत्या. तक्रारी वाढल्या तेव्हा कंपनीने सात गाड्या आपल्या ॲरिझोनातील चाचणी-मैदानावर नेऊन तपासल्या आणि सांगितले की गाड्यांत दोष नाही, वापर आणि हवामान यांच्या मानाने ही घट अपेक्षितच आहे. फीनिक्समधील सरासरी गाडीत पाच वर्षांनी ७६ टक्के धारणशक्ती उरेल, असेही तिने सांगितले.

मालकांनी मग एक गोष्ट केली, ती आम्हाला फार महत्त्वाची वाटते. त्या सप्टेंबरात त्यांनी आपल्या बारा गाड्या एकत्र आणल्या, आणि एकाच रस्त्यावर, ठरवलेल्या वेगाने, बॅटरी संपत येईपर्यंत त्या चालवल्या. कोणती गाडी किती मैल गेली हे लिहून काढले. प्रयोगशाळेचे यंत्र त्यांच्याजवळ नव्हते. रस्ता होता, घड्याळ होते आणि एकजूट होती. एकट्या मालकाला ‘तुमची चालवण्याची पद्धत चुकीची असेल’ असे सांगून परत पाठवता येते. बारा जण एकच कागद घेऊन आले की तसे सांगणे जड जाते. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात दावाही दाखल झाला.

हमीपत्रातील गोम अशी होती. बॅटरीला आठ वर्षांची किंवा एक लक्ष मैलांची, म्हणजे सुमारे १,६०,००० किलोमीटरची हमी होती. पण ती बिघाडाची. हळूहळू धारणशक्ती घटणे हे हमीच्या बाहेर होते. २०१२ च्या अखेरीस कंपनीने नवी हमी जाहीर केली. पाच वर्षे किंवा ६०,००० मैल, म्हणजे सुमारे ९६,००० किलोमीटर होण्याच्या आत रेघा नऊच्या खाली गेल्या, तर बॅटरी दुरुस्त करून किंवा बदलून मिळेल. पूर्वी विकलेल्या गाड्यांनाही ती लागू झाली. हा मालकांचा निःसंशय विजय होता. पुढे २०१५ सालच्या गाड्यांत उष्णता अधिक सोसणारे रसायन आले.

तथापि रेघेची हमी कशी असते तेही पाहण्यासारखे आहे. नववी रेघ मावळते ती सुमारे ६६ टक्क्यांवर. पाच वर्षे पूर्ण होण्याच्या दिवशी ज्याची बॅटरी ६६ टक्क्यांवर आली त्याला नवी बॅटरी. ज्याची ६८ टक्क्यांवर अडली त्याला काही नाही. २०१४ मध्ये कंपनीने बदली बॅटरीची किंमत जुनी परत घेऊन ५,४९९ डॉलर ठरवली होती. एका रेघेचे मोल ते. परिणाम असा झाला की मुदत जवळ आलेले काही मालक आपली गाडी लवकर आजारी पडावी अशी वाट पाहू लागले, ती उन्हात उभी करू लागले, मुद्दाम जलद भरू लागले! औद्योगिक विवाद कायद्याच्या काळात कामगाराचे २४० दिवस भरण्यापूर्वी त्याला घरी बसवण्याची रीत ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हा खेळ अनोळखी वाटणार नाही. हक्क एका रेषेवर टांगला की दोन्ही पक्ष रेषेभोवतीच फिरू लागतात, आणि मूळ वस्तू बाजूला राहते.

प्रशस्तिपत्र कोणाचे?

आता प्रत्यक्ष वार्षिक तपासणीकडे येऊ. लीफच्या सेवापत्रकात दर बारा महिन्यांनी बॅटरीची तपासणी नोंदलेली होती, आणि उद्या हमीचा दावा करायचा तर कागद जवळ असावेत म्हणून समंजस मालक ती चुकवीत नसत. तपासणीनंतर एक कागद हाती येई. त्यावर तारे छापलेले असत. जलद चार्जिंग किती वेळा केले, बॅटरी भरलेली असतानाच पुन्हा भरली का, भरलेल्या अवस्थेत गाडी किती काळ उभी ठेवली, चालवताना वीज किती खर्ची पडली, अशा बाबींवर एकापासून पाच ताऱ्यांपर्यंत गुण. शेजारी रेघांची संख्या.

हा कागद वाचून कित्येक मालकांची निराशा झाली, आणि ती रास्त होती. आपल्या बॅटरीत आज किती टक्के शक्ती उरली आहे हे विचारायला ते गेले होते. त्यांना मिळाले ते आपल्या वागणुकीचे प्रशस्तिपत्र. कागद बॅटरीविषयी थोडे बोलतो आणि मालकाविषयी फार. पाचही तारे मिळालेल्या मालकाचीसुद्धा रेघ मावळत होती, कारण उन्हाला तारे कळत नाहीत. आणि तारे कमी पडले तर तोच कागद उद्या मालकाविरुद्ध पुरावा म्हणून पुढे येईल की काय, ही भीती निराळीच. कारखान्यात यंत्र बंद पडले की आधी कामगाराची हजेरी आणि वर्तणूक तपासणारे व्यवस्थापक आम्ही पुष्कळ पाहिले. यंत्राची तपासणी करायची तर यंत्राची करावी.

गंमत म्हणजे टक्क्यांचा आकडा गाडीच्या पोटात होताच. तो मालकाला दाखवायचा नाही एवढेच ठरलेले होते. मालकांनी त्यावरही तोड काढली. गाडीच्या तपासणी-खोबणीत बसणारे काडेपेटीएवढे एक साधन आणि फोनवरचे ‘लीफस्पाय’ नावाचे ॲप यांच्या साहाय्याने ते आरोग्याचा टक्का आणि प्रत्येक घटाचे व्होल्टेज स्वतः वाचू लागले. जुनी लीफ विकत घेणारा जाणता गिऱ्हाईक कंपनीच्या तारांकित कागदापेक्षा या फोनवरच्या आकड्यावर अधिक भरवसा ठेवू लागला. मधून मधून असेही आढळले की लबाड विक्रेत्याने नियंत्रकाची स्मृती पुसून बाराही रेघा पुन्हा उजळवल्या आहेत. काही आठवडे चालवल्यावर त्या मावळत, पण तोवर पैसे चुकते झालेले असत. मीटर मागे फिरवून जुनी मोटार विकण्याच्या धंद्याचाच हा नवा अवतार.

जेव्हा मापच चुकले

न्यूझीलंडमध्ये जपानहून आलेल्या जुन्या लीफ गाड्या पुष्कळ. तेथे ‘फ्लिप द फ्लीट’ नावाचा नागरिकांचा उपक्रम चालू झाला. मालकांनी दरमहा आपल्या गाडीचे आकडे पाठवायचे आणि जाणकारांनी ते एकत्र करून सर्वांना परत द्यायचे, अशी त्याची साधी योजना. २०१८ मध्ये त्यांनी २८३ गाड्यांचा हिशेब मांडला. जुन्या २४ युनिटांच्या बॅटरीचे आरोग्य दोन वर्षांच्या सुमारास वर्षाला सुमारे ३ टक्क्यांनी घटत होते. नव्या, अधिक मोठ्या, ३० युनिटांच्या बॅटरीचे मात्र वर्षाला सुमारे १० टक्क्यांनी. नवी बॅटरी जुनीपेक्षा तिप्पट वेगाने मरते आहे, असा त्याचा अर्थ. मालक हवालदिल झाले, जुन्या गाड्यांच्या किमतींवर सावट आले.

काही महिन्यांतच कंपनीने सांगितले की दोष बॅटरीत नसून नियंत्रकाच्या हिशेबात आहे, आणि तो दुरुस्त करणारी नवी आज्ञावली दिली. ती घातल्यावर गाड्यांचे आरोग्य कागदावर एकदम वर चढले.

या प्रसंगातून दोन गोष्टी निघतात. पहिली, ज्या आकड्यावर हमी, किंमत आणि मनःशांती अवलंबून होती तो आकडा चुकीचा असू शकतो, आणि त्या वेळी तर तो खुद्द बनवणाऱ्याच्याच विरुद्ध चुकला होता! काटा चुकतो तेव्हा नेहमी मालकाच्याच बाजूने चुकतो असे नाही. दुसरी, ही चूक कोणा एकाच्या वार्षिक तपासणीत कधीच उघडकीस आली नसती. एका गाडीचा आकडा म्हणजे तक्रार. २८३ गाड्यांचे आकडे म्हणजे ज्ञान. संघटनेचे महत्त्व याहून सोप्या रीतीने आम्हाला आजवर सांगता आलेले नाही.

आपल्याकडचा प्रश्न

अमेरिकेतील किंवा न्यूझीलंडमधील मालक बॅटरी खालावली तर थोडे कमी फिरेल. आपल्याकडे विजेची तीनचाकी आणि भाड्याची मोटार चालवणाराचे तसे नाही. माथेरानात वर्षानुवर्षे हातरिक्षा ओढणाऱ्या माणसांसाठी २०२२ च्या डिसेंबरात ई-रिक्षा प्रायोगिक तत्त्वावर सुरू झाल्या. शहरांत तर विजेच्या रिक्षा आणि टॅक्सी दर वर्षी वाढत आहेत. या माणसांच्या बाबतीत एका भरणीत किती किलोमीटर, हीच मजुरी. धारणशक्ती दहा टक्के घटली म्हणजे दिवसाची एखादी फेरी गेली. कर्जाचा हप्ता मात्र दहा टक्क्यांनी घटत नाही. बॅटरी हा गाडीचा सर्वांत महाग भाग, आणि पुष्कळदा हप्ते संपतात त्याच सुमारास ती थकू लागते.

आमच्या ओळखीचे एक टॅक्सीचालक तिसऱ्या वर्षी सेवाकेंद्रात गेले. पूर्वी एका भरणीत होणाऱ्या फेऱ्या आता होत नाहीत, ही त्यांची तक्रार. गाडीला यंत्र जोडले गेले, काढले गेले, आणि कागदावर लिहून आले, ‘बॅटरी ओके’. त्यांनी विचारले, “साहेब, ओके म्हणजे किती?” उत्तर मिळाले, “ओके म्हणजे ओके, काका.” त्या प्रश्नाला उत्तर नव्हते असे नाही, ते यंत्राच्या पडद्यावर होते. कागदावर उतरवण्याची सोय किंवा इच्छा नव्हती.

आपल्याकडे मोटारींच्या बॅटऱ्यांना आठ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर अशी हमी पुष्कळदा मिळते. हा आकडा ऐकून समाधान मानू नये. हमी बिघाडाची आहे की धारणशक्ती घटण्याचीही आहे? किती टक्क्यांच्या खाली गेल्यावर? ते टक्के कोण मोजणार, कोणत्या पद्धतीने? भाड्याने चालवल्या जाणाऱ्या गाडीला अटी वेगळ्या आहेत का? फीनिक्सच्या मालकांना हे प्रश्न गाडी घेतल्यावर सुचले. आपण ते सही करण्यापूर्वी विचारावेत.

आणि जोवर चांगली तपासणी मिळत नाही तोवर एक वही ठेवावी. घरच्या चार्जरला वेगळे मीटर असेल तर काम सोपे. वर्षातून एकदा, शक्यतो दर वर्षी त्याच महिन्यात, बॅटरी २० टक्क्यांपर्यंत उतरू द्यावी आणि मग सलग शंभरपर्यंत भरावी. मीटरवर किती युनिटे पडली ते लिहावे. समजा, पहिल्या वर्षी २७ युनिटे पडली आणि तिसऱ्या वर्षी २४, तर सुमारे ११ टक्के घट झाली असे धरायला हरकत नाही. भरताना काही वीज वाया जाते, पण ती दोन्ही वर्षी सारखीच जाईल. पडद्यावरचा टक्का हाही नियंत्रकाचाच अंदाज असल्यामुळे हे मोजमाप दोन-तीनदा करून सरासरी घ्यावी. दहा चालकांनी अशा वह्या ठेवल्या आणि महिन्यातून एकदा एकत्र बसून वाचल्या, तर ‘ओके’ या शब्दाची किंमत त्यांना आपोआप कळेल.

कायद्याने काय करावे

स्वराज्यापूर्वी आपल्या बाजारात शेर गावोगाव बदलत असे. १९५६ च्या कायद्याने दशमान वजने-मापे आली, १९५८ च्या ऑक्टोबरपासून ती बाजारात उतरू लागली, आणि वाण्याच्या तराजूवर सरकारी शिक्का बसला. आज २००९ चा वैध मापनशास्त्र कायदा आहे. भाजीवाल्याचे किलोचे वजन, पेट्रोलपंप, रिक्षाचे भाडेमीटर, या सर्वांची पडताळणी वेळोवेळी करून घ्यावी लागते. का? कारण विकणाराने स्वतःच्या मालाचे माप स्वतःच खरे ठरवू नये, हे तत्त्व समाजाने मान्य केले आहे. लाखो रुपयांच्या बॅटरीचे माप मात्र अजून विकणाराच्या शब्दावर चालते.

जगात या दिशेने पावले पडत आहेत. २०२२ च्या मार्चमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या वाहनविषयक मंचाने एक जागतिक नियम मंजूर केला. मोटारीच्या बॅटरीत पाच वर्षे किंवा एक लक्ष किलोमीटरपर्यंत किमान ८० टक्के, आणि आठ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटरपर्यंत किमान ७० टक्के शक्ती उरली पाहिजे, असे त्यात आहे. आमच्या दृष्टीने याहून महत्त्वाचे कलम दुसरे आहे. गाडीतील आरोग्यमापक खरे बोलतो की नाही हे वेगळे तपासावे, अशी त्यात तरतूद आहे. म्हणजे बॅटरीची परीक्षा आणि मापकाचीही परीक्षा. युरोपीय संघाच्या २०२३ च्या बॅटरी नियमावलीने तर खरेदीदाराला नियंत्रकातील आरोग्याची माहिती वाचण्याचा हक्क दिला आहे. २०२७ च्या फेब्रुवारीपासून अशा बॅटऱ्यांना स्वतःचे डिजिटल पारपत्र लागेल. फीनिक्सच्या मालकांना जे फोनवरच्या ॲपने चोरून वाचावे लागले, ते आता तेथे हक्काने वाचता येते.

आपल्याकडे मागायचे ते फार नाही. तपासणीच्या कागदावर टक्क्यांचा आकडा असावा, तारे किंवा ‘ओके’ नव्हे. तो कोणत्या पद्धतीने काढला हे खाली मराठीत लिहिलेले असावे. गाडी विकली गेली तरी आधीचे सर्व कागद तिच्याबरोबर जावेत. आणि आकड्याबद्दल वाद निर्माण झाला तर कंपनीशी संबंध नसलेल्या ठिकाणी, माफक शुल्कात, पूर्ण भरून आणि पूर्ण रिकामी करून बॅटरी मोजून मिळावी. पेट्रोलच्या गाडीचा धूर तपासण्यासाठी रस्तोरस्ती केंद्रे उभी करता आली. बॅटरी मोजणारी थोडी केंद्रे प्रत्येक जिल्ह्यात उभी करणे अशक्य नाही.

विजेच्या गाडीला आमचा विरोध नाही. धूर कमी होत असेल, चालकाचा इंधनखर्च वाचत असेल, तर ती यावीच. पण जी वस्तू माणूस आठ वर्षांच्या मेहनतीने विकत घेतो, ती किती उरली आहे हे विचारण्याचा आणि त्याचे उत्तर आकड्यात मिळण्याचा अधिकार त्याला आहे. तराजूवरचा शिक्का वाण्याने आपण होऊन मारून घेतला नव्हता. गिऱ्हाइकांनी मागितला म्हणून तो आला. हाही मागितल्याशिवाय येणार नाही.